खापर कुणावर फोडायचं?

खरं बोलावं, ही शिकवण आम्हाला लहानपणी तीन ठिकाणी मिळाली. घरात, शाळेत आणि भिंतीवर. घरात ती वडील देत, आणि वाणी उधारी मागायला दारात आला की 'बाबा बाहेर गेलेत म्हणून सांग' हेही तेच शिकवत. शाळेत मास्तर देत, आणि तपासनीस साहेब यायच्या आदल्या दिवशी 'विचारलं तर रोज कवायत होते म्हणायचं' हेही तेच पढवून घेत. भिंतीवर मात्र 'नेहमी खरे बोलावे' एवढंच लिहिलेलं होतं. भिंत तेवढी आयुष्यभर शब्दाला जागली.

पुढं मी स्वतःच मास्तर झालो आणि तीस वर्षं इतिहास शिकवला. त्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांना किती इतिहास आला ते बोर्डाला ठाऊक, पण मला 'कशावरून?' असं विचारायची खोड लागली. कुणी म्हणालं, हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, की मी विचारणार, 'कशावरून?' कुणी म्हणालं, आमच्या वाड्यात भुयार आहे आणि ते थेट शनिवारवाड्यात निघतं, की 'कशावरून?' पुण्यातल्या सगळ्या वाड्यांतली भुयारं खरी धरली, तर शहर आजवर कधीच खाली बसायला हवं होतं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण खोड घरी आली. सौ. म्हणाली, 'आज एकादशी आहे,' तरी माझ्या तोंडून 'कशावरून?' निघून गेलं. तिनं काही न बोलता पानात साबुदाण्याची खिचडी वाढली. इतकं भक्कम साधन मला तीस वर्षांत एकाही बखरीत मिळालं नव्हतं.

अशा माणसाला वाटाड्याबरोबर सहलीला पाठवू नये, हे आमच्या चिरंजीवांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी परस्पर माझं नाव नोंदवून टाकलं. 'शिरूर ते दौंड, इतिहासाच्या वाटेनं सायकल सहल, दोन दिवस, माहिती सांगणाऱ्या माणसासह.' मी म्हटलं, 'अरे, सायकलवरून गाव बघायचं तर लोक ॲमस्टरडॅमला जातात. शिरूर म्हणजे एसटी दहा मिनिटं थांबते ते गाव. आणि दौंड म्हणजे मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे ते स्टेशन. तिथं बघायचं काय?' तो म्हणाला, 'बाबा, तुम्हीच म्हणता ना, पुणं म्हणजे सायकलींचं शहर होतं, आणि तुम्ही डबलसीट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात होता?'

आता हे मी म्हणत होतो, हे खरं. मी जात होतो, हेही खरं. फक्त मी पुढं बसलो होतो की मागं कॅरियरवर, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि 'कशावरून?' हा प्रश्न माझ्या मुलाला सुचत नाही. तेव्हा माझ्याच तोंडच्या अर्धसत्यानं मला खोगिरावर चढवलं. सायकलला एकवीस गिअर होते. आमच्या वेळच्या सायकलला एकच गिअर असे, तो म्हणजे पोलीस. संध्याकाळी दिवा नसताना तो दिसला की सायकलीचा वेग आपोआप वाढायचा.

शिरूरला आम्ही चौदाजण जमलो. बँकेतले, कॉम्प्युटरवाले, एक डॉक्टरीणबाई, एक नवरा-बायको आणि त्यांची चौथीतली मुलगी. मुलीची सायकल छोटी, म्हणून तिनं थोडं चालवायचं आणि बाकी टेम्पोत बसायचं असं ठरलं होतं. टेम्पो आमच्या मागून येणार होता. पाणी, केळी, पंक्चरचं सामान आणि ज्यांची हवा गेली आहे अशी माणसं त्यात घालायची होती. मी निघण्यापूर्वीच टेम्पोत कुठं बसायला बरं पडेल ते पाहून ठेवलं.

आमचा वाटाड्या पंचविशीतला, न्हावऱ्याच्या बाजूचा. बी. ए. इतिहास घेऊन केलेला, घरी दोन एकर ऊस. त्याची सायकल मात्र साधी, काळी, आजोबांच्या काळातली, मागं कॅरियरला कापडी पिशवी. आम्ही सगळे हेल्मेट घालून शिरस्त्राण ल्यालेल्या सरदारांसारखे दिसत होतो. त्याच्या डोक्याला टॉवेल. मी लगेच पुढं झालो. मास्तरांची जागा पहिल्या बाकाजवळ असते.

घोडनदीच्या पुलाजवळ तो थांबला आणि म्हणाला, 'शिरूरला आजही जुनी माणसं घोडनदीच म्हणतात. नदीचंच नाव गावाला पडलं. इथं इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ ला रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथनंच पुण्याकडं निघाली, रात्रभर चालली, आणि १ जानेवारी १८१८ ला सकाळी कोरेगावला भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेसमोर उभी राहिली. त्या तुकडीत महार शिपाई बरेच होते. तिथं पुढं स्तंभ उभा राहिला. १ जानेवारी १९२७ ला डॉक्टर आंबेडकर त्या स्तंभापाशी आले होते.'

एवढं सांगून तो गप्प बसला. मी वाट पाहत होतो की आता हा पाच-पन्नास हजारांचे आकडे फेकेल, कुणाला शूर करील, कुणाला पळवील, आणि मी 'कशावरून?' म्हणेन. पण तो पायडलवर पाय ठेवून निघालासुद्धा. मी शेजारून जात विचारलं, 'पुढं काय झालं ते नाही सांगितलंस?' तो म्हणाला, 'काका, या गोष्टीत तारखा सोडून दुसरा शब्द इकडचा तिकडं झाला तर गावात माणसं एकमेकांकडं बघंनाशी होतात. मी तारखा सांगतो. ज्याला जास्त पाहिजे त्याला पुस्तकांची नावं देतो.'

मला जरा निराश वाटलं. ज्याच्यावर पाळत ठेवायची तोच माणूस प्रामाणिक निघाला की पहारेकऱ्याची नोकरी जाते.

पुढची गोष्ट त्यानं सांगितली ती कर्नल वॉलेसची. हा इथल्या इंग्रजी फौजेचा अधिकारी. १८०९ साली इथंच वारला, इथंच पुरला. पण शिरूरच्या लोकांनी त्याला साहेब राहू दिलं नाही. लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणू लागले आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला घास त्याच्या कबरीला नैवेद्य म्हणून ठेवू लागले. इंग्रजांनीच १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही नोंद आहे. म्हणजे मेल्यानंतर पाऊणशे वर्षांनीही साहेब नैवेद्य घेत होता.

आमच्यातल्या बँकवाल्यांनी विचारलं, 'पण तो खरंच सत्पुरुष होता का?' मी तोंड उघडणार तेवढ्यात वाटाड्या म्हणाला, 'ते त्याचं त्याला ठाऊक. पण धान्य घेऊन येणारी बाई खरी होती की नाही?'

हे उत्तर मला आवडलं नाही. म्हणजे उत्तर चांगलं होतं, ते मला सुचलं नव्हतं, म्हणून आवडलं नाही. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी त्याच्यावर विचार करीत होतो. दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून अंगावरून जात होते. पाऊणशे वर्षं बायाबापड्या ज्याला सत्पुरुष म्हणाल्या, तो सत्पुरुष नव्हता असं आता कागद दाखवून सिद्ध केलं, तर कुणाचं भलं होईल? आणि नाही केलं, तर इतिहासाचा मास्तर म्हणून मी कशाचा पगार घेत होतो? विचार इतका खोल गेला की गिअर बदलायचा राहिला, आणि एका चढावर माझी सायकल उभी राहिली. टेम्पोवाल्यानं प्रेमानं हॉर्न वाजवला. मी त्याला हातानंच 'पुढं जा' असं सांगितलं. मनातून मी 'ये' म्हणत होतो. दिवसातलं हे माझं पहिलं असत्य. ते मुद्रेचं असल्यानं मी धरलं नाही.

दुपार कलल्यावर आम्ही इनामगावला पोहोचलो. इनामगाव हे नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या नावाचं एक जिवंत गाव असेल, तिथं गुरं असतील आणि चहा मिळेल, असं कधी मनात येत नाही. गावाजवळ, घोडनदीच्या उजव्या काठावर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथं शेतकरी येऊन राहिले आणि इसवी सनापूर्वी ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षं, त्यांची वस्ती इथं टिकली. पहिल्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं. पाण्यासाठी पाट खणलेला. धान्याची कोठारं. पुढं दिवस फिरले, बहुधा पाऊसमान कमी झालं, आणि शेवटच्या काळात त्याच माणसांच्या नातवंड-पणतवंडांनी लहान, गोल झोपड्या बांधल्या. आमच्याकडेही वाडा जाऊन दोन खोल्यांचा ब्लॉक आला, त्यामुळं मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

आता प्रत्यक्षात दिसतं काय? एक टेकाड. मातीचा रंग जरा निराळा, राखट-पांढरा. जुन्या वस्तीच्या या मातीला शेतकरी पांढरी म्हणतात. एके काळी ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. खणलेले खड्डे बुजवलेले, आणि खणून निघालेलं बरंचसं पुण्याला डेक्कन कॉलेजात. म्हणजे आम्ही पुण्याची माणसं, पुण्यात ठेवलेल्या वस्तू जिथून नेल्या ती रिकामी जागा बघायला, पुण्याहून शिरूरला मोटारीनं आणि तिथून इथं सायकल मारीत आलो होतो. यालाच बहुतेक इतिहास संशोधन म्हणतात.

वाटाड्या सांगू लागला. 'लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीतच पुरायचे. मोठं माणूस गेलं तर डोकं उत्तरेला करून निजवायचे, आणि पाय घोट्यापासून तोडायचे.'

'का?' सगळ्यांनी एकदम विचारलं.

'ते त्यांनाच माहीत. खणणाऱ्यांचा अंदाज असा की मेलेलं माणूस उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, म्हणून असंल. पण अंदाजच.' मग जरा हसून, 'एकजण मात्र पायांसकट सापडला. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला. बहुतेक गावचा मुख्य असणार.'

म्हणजे तेव्हाही नियम सगळ्यांना आणि सवलत एकाला. माझे स्वतःचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आहेत की नाहीत याची मला सकाळपासून खात्री नव्हती; त्यामुळं मला ती सगळी मंडळी फारच जवळची वाटू लागली. डॉक्टरीणबाई मात्र लहान मुलांच्या मडक्यांपाशीच थांबल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, 'घरातच ठेवलं. बाहेर कशी पाठवेल आई?' कोणी काही बोललं नाही. तिथं 'कशावरून?' विचारायची माझीही छाती झाली नाही.

आणि नेमका इथंच तो प्रसंग घडला.

त्याचं असं झालं की टेकाडाकडे वळण्यापूर्वी सगळे चहाला थांबले होते. माझी सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली मला चालत नाही, ती लोक पाडतात, म्हणून मी ती एकट्यानं पुढं नेऊन बाभळीपाशी लावत होतो. तिथून मला वाटाड्या दिसला. तो सगळ्यांच्या आधी टेकाडाजवळच्या बांधावर आला होता. त्यानं कॅरियरची कापडी पिशवी सोडली, आत हात घातला, आणि भाजीत मीठ टाकावं तितक्या सहज बांधावर, गवतात, मातीत खापरं टाकली. दहा-पंधरा तुकडे. पायानं थोडी माती वर सारली. आणि चहाला परत गेला.

मी बाभळीमागं उभा. तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला होता. खोट्या पुराव्याची पेरणी मी डोळ्यांनी पाहिली होती.

माहिती संपल्यावर तो म्हणाला, 'टेकाडावर कुणी चढू नका, आणि तिथलं काही हलवू नका. कायदा आहे. बांधावर मात्र हिंडा, बघा काही दिसतंय का.' चौथीतली मुलगी पळत सुटली. दोन मिनिटांत तिची किंकाळी आली. तिच्या हातात तांबडं खापर होतं. सगळे भोवती जमले. बँकवाले म्हणाले, 'अरे! तीन हजार वर्षांचं!' कॉम्प्युटरवाल्यांनी फोटो काढले. मुलीनं वाटाड्याकडे बघितलं. 'काका, हे मी ठेवू?'

तो म्हणाला, 'ठेव. जपून ठेव बरं. या मातीवर तीन हजार वर्षांपूर्वी तुझ्याएवढ्या मुली खेळून गेल्यात.'

वाक्य ऐकलंत? त्यात एकही शब्द खोटा नाही. खापर तीन हजार वर्षांचं आहे असं तो म्हणालाच नाही. ते बँकवाले म्हणाले. त्यानं फक्त म्हणू दिलं. धर्मराजानं तरी दुसरं काय केलं होतं? 'नरो वा कुंजरो वा.' अश्वत्थामा मेला, हे खरं. माणूस की हत्ती, ते मात्र पुटपुटला. पण त्या पुटपुटण्यानं द्रोणाचार्यांनी शस्त्र टाकलं, आणि धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ धाडकन खाली आला. आमच्या वाटाड्याची सायकल मात्र होती तशीच खडखडत जमिनीवरून चालत होती. तिला खाली येण्यासारखी जागाच नव्हती.

मी तोंड उघडलं. मुलीकडे बघितलं. तिनं ते खापर रुमालात गुंडाळलं होतं, आणि दोन्ही हातांनी असं धरलं होतं की जणू त्यात कुणीतरी झोपलंय. मी तोंड मिटलं.

रात्री मुक्काम वाटाड्याच्याच घरी होता. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर गूळ. जेवणानंतर सगळे अंगणात आडवे झाले. मी त्याला बाजूला गाठलं आणि म्हटलं, 'बांधावर काय पेरलंस, ते मी बघितलंय.'

मला वाटलं, तो दचकेल. तो म्हणाला, 'तुमी बाभळीपाशी होता. मला दिसलं होतं, काका. म्हटलं, मास्तर हायेत, आता बोलतील. बोलला नाहीत.'

म्हणजे चोर मला सोडून त्यालाच सापडला होता.

मग त्यानं सांगितलं. सुरुवातीला तो लोकांना टेकाडावर मोकळं सोडायचा. तिथं पावसाळ्यानंतर खरी खापरं वर येतात, तांबडी, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी. प्रत्येकजण 'एकच, आठवण म्हणून' उचलायचा. वीस माणसांची वीस खापरं. एका गृहस्थांनी तर पिशवी भरली. घरी कुंड्यांच्या तळाशी घालायला. पाटी वाचून दाखवली, कायदा सांगितला, १९७२ चा. हात जोडले. 'उचलू नका म्हटलं की काका, जे उचलणार नव्हते तेबी खाली बघायला लागतात. माणूस एवढ्या लांब सायकल मारत येतो, त्याला हातात काहीतरी पायजे. रिकाम्या हातानं परत जायची कुणाची तयारी नसते. मग म्हटलं, देऊ हातात. आईचा माठ फुटला होता. आता तर घरात काही फुटलं की आईच म्हणते, टाकू नको, पाव्हण्यांना लागतील.'

मी म्हटलं, 'पण त्या पोरीला तू फसवलंस.'

'फसवलं,' तो म्हणाला. अगदी सरळ. 'पण पांढरी वाचली. पोरगी मोठी झाल्यावर परत आली तर तिला दाखवायला काहीतरी असंल.'

मला त्या रात्री झोप आली नाही. एक कारण मांड्या, दुसरं कारण महाभारत. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. हा कौशिक नेहमी खरं बोलायचं व्रत घेतलेला. एकदा काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीनं पळत येऊन रानात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं. त्यानं व्रताला जागून खरं सांगितलं. ती माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. याच्या अगदी उलट जर्मनीतला कांट. त्यानं १७९७ साली लिहून ठेवलंय की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही. कांट कौशिकाला भेटता तर दोघांची गट्टी जमली असती. मित्रमंडळींनी मात्र दोघांच्याही घरी लपायला जाऊ नये.

तेव्हा दरोडेखोरांपासून लपलेल्या माणसांसाठी खोटं बोललेलं चालतं, असं श्रीकृष्णाच्या साक्षीनं ठरलं. पण जमिनीत लपलेल्या खापरांसाठी? आणि दरोडेखोर म्हणजे कोण? चौथीतली मुलगी? की 'एकच, आठवण म्हणून' म्हणणारे आपण सगळे? वाटाड्या खोटं वागला, कारण आम्ही हावरे. आम्ही हावरे, कारण रिकामा हात दाखवायला आम्हाला लाज वाटते. आणि मी गप्प, कारण... इथं आल्यावर मी कूस बदलायचो. खापर कुणावर फोडायचं, ते ठरेना.

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून आम्ही दौंड तालुक्यात शिरलो. पुलावर वाटाड्या थांबला. म्हणाला, 'हिच्याच काठानं खाली पेडगाव. तिथला किल्ला बहादूरगड. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजांना कैद करून तिथं औरंगजेबाच्या छावणीत आणलं.' आणि नेहमीप्रमाणं गप्प झाला. कोणी फोटो काढला नाही. आम्ही थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिलो. मी मनात म्हटलं, जिथं खोटं खपलं असतं तिथं हा पोरगा खरं सांगून थांबतो. फक्त आईच्या माठाबाबतीत तेवढा घसरतो.

वाटेत एका गुऱ्हाळावर काकवी मिळाली. ती पिऊन मी शेवटचे काही मैल चक्क गाणं म्हणत काढले. टेम्पोत बसून.

दौंड स्टेशनवर निरोप झाला. इंग्रजांना दौंड म्हणता येईना, ते 'धोंड' लिहीत. १८७८ साली इथून मनमाडला रेल्वे सुरू झाली, ती कागदोपत्री 'धोंड-मनमाड'. मला त्या दिवशी इंग्रजांचा उच्चार पटला. ती धोंड कालपासून माझ्या गळ्यात होती. वाटाड्याच्या हातात पाकीट देताना मी पुटपुटलो, 'त्या मुलीला सांगू की नको?' तो म्हणाला, 'तुमी मास्तर. तुमच्यावर सोडलं.' आणि काळ्या सायकलवर टांग टाकून गेला.

गाडीत ती मुलगी माझ्या समोरच बसली. आई-वडील डुलक्या घेत होते. केडगाव गेलं, यवत गेलं. तिनं रुमाल उघडून खापर मांडीवर ठेवलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, 'आजोबा, तुम्ही इतिहासाचे सर ना? हे तीन हजार वर्षांचंच आहे ना?'

तीस वर्षं मी दुसऱ्यांना 'कशावरून?' विचारलं. मला तो प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी, त्याचं नाव न घेता, विचारला होता. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मदतीला कुणी नव्हतं. मग सगळं सांगितलं. माठ, पिशवी, पिशवी भरून नेणारे गृहस्थ, पांढरी, सगळं.

तिचा चेहरा पडला. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे खरी खापरं तिथंच आहेत?'

'तिथंच.'

'आणि हे त्या काकांच्या आईच्या माठाचं?'

'हो.'

तिनं थोडा विचार केला, आणि खापर पुन्हा रुमालात गुंडाळू लागली. मी म्हटलं, 'अगं, ते खरं नाही ना?'

'आत्ता नाही,' ती म्हणाली. 'पण तीन हजार वर्षं सांभाळलं तर होईलच की.'

मला एकदम घोडनदीचा कर्नल आठवला. मी हसलो. वाटलं, सुटलो. पण चौथीतली मुलं प्रश्न अर्धवट सोडत नाहीत. रुमालाला गाठ मारता मारता तिनं विचारलं, 'आजोबा, तुम्ही काकांना टाकताना बघितलंत ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?'

वाटाड्याकडे उत्तर होतं. त्याला पांढरी वाचवायची होती. माझ्याकडे काय होतं? तिचा आनंद मोडायला जीव झाला नाही, हे खरं. पण ते सगळंच खरं नव्हतं. सगळ्यांच्या फोटोत मीही उभा होतो, आणि रंगलेल्या फोटोतून बाहेर पडून वाईट व्हायची माझी तयारी नव्हती. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, 'तेव्हा... नीट दिसलं नव्हतं.'

तिनं माझ्याकडे बघितलं. फार काही नाही, नुसतं बघितलं. खापर कुणावर फोडायचं, ते तिला कळलं असावं.

तेवढ्यात फोन वाजला. सौ. होती. 'कशी झाली सहल? पाय फार दुखत असतील ना?'

समोर ती मुलगी, मांडीवर रुमाल. मी पाय कसेबसे बाकाखाली घेतले आणि म्हणालो, 'छे! मुळीच नाही.'

तिकडून आवाज आला, 'कशावरून?'